मुलीकडचे येतील

हिराजी म्हात्रेचा मला हेवा वाटत असे, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. पनवेलीत अजूनही लोक आम्हा दोघांचं नाव जोडीनं घेतात. "म्हात्रे मास्तर आणि वामनराव म्हणजे काय, एका ताटात जेवणारे!" म्हणतात. मी मान हलवतो. एका ताटात जेवलो हे खरंच आहे. पण त्याच्या घासाकडे माझी नजर असे, हे ताटाला ठाऊक, मला ठाऊक.

स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत आम्ही पनवेलच्या एका शाळेत शिक्षक होतो. हिराजी बेलपाड्याचा. घरची थोडी भातशेती आणि मिठागरावरचं काम. सकाळी खाडीच्या बांधावरून सायकल हाणत यायचा, हौदावर पाय धुवायचा आणि मगच वर्गात शिरायचा. रंग सावळा, खांदे रुंद, आणि हसणं असं, की चौथीच्या वर्गात हसला तर सातवीची मुलं खिडकीकडे बघत. वर्गात तो छापील पुस्तकासारखं शुद्ध बोलायचा. पण रंगात आला की 'आहे'चं 'हाय' व्हायचं आणि 'नाही'चं 'नाय'. मी सुरुवातीला ते हळूच सुधारून द्यायचो. तो म्हणायचा, "वामनराव, धोतर सुटलं की माणूस मोकळा चालतो, तसं समजा."

त्याचं एक पालुपद होतं : "विचारायला काय जातं? माणूस फार तर नाय म्हणंल." आणि तो खरोखरच कुणालाही काहीही विचारायचा. एकदा शिक्षण खात्याचे दिपोटी शाळेच्या तपासणीला आले. आम्ही सगळे हात बांधून उभे. मी तर माझ्या वर्गाकडून महिनाभर कविता घोटून घेतल्या होत्या. दिपोटींचा चेहरा दगडासारखा. हिराजी पुढे झाला आणि म्हणाला, "साहेब, सकाळपासून काही खाल्लंय का तुम्ही?" हेडमास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. दिपोटी म्हणाले, "नाही हो, कुणी विचारलंच नाही." मग हिराजीच्या डब्यातली तांदळाची भाकरी, वर चहा. माझ्या वर्गाच्या कविता ऐकायच्या राहूनच गेल्या. घरी जाताना माझ्या छातीत जे काही जळलं, त्याला मी त्या वेळी पित्त म्हटलं.

पण खरी गोष्ट सुमनची आहे.

सुमन आमच्या आळीत समोरच राहायची. आमच्याच शाळेत मुलींच्या वर्गांना शिकवायची. तिचे वडील आप्पा कचेरीतून निवृत्त झालेले, खादीवाले, तुरुंगात जाऊन आलेले. जातपात मानणारे नव्हते, आणि हे त्यांचं नुसतं बोलणं नव्हतं. त्यांच्या ओटीवर कुणीही बसे आणि घरातल्याच कपातून चहा पिई. आप्पांना चार मुली. तिघींची लग्नं करताना त्या माणसानं पेण, रोहा, कल्याण, पुणे अशा किती घरांच्या पायऱ्या चढल्या, त्याला हिशेब नव्हता. पत्रिका खिशात, टोपी हातात. कुठे 'कळवतो' म्हणत, कुठे पाण्यालाही विचारत नसत. तिसरीचं लग्न झालं तेव्हा त्यांचे गुडघे कामातून गेले होते.

त्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मांडव सोडताना सुमन मला म्हणाली होती, "वामनदादा, माझ्यासाठी आप्पा कुणाच्या दारात जाणार नाहीत. मी जाऊ देणार नाही. ज्याला मी हवी असेन त्याने आमच्या पायऱ्या चढाव्यात. चारच तर आहेत."

आळीतल्या सगळ्याच मुली मला वामनदादा म्हणत. तीही म्हणे. मी त्या चार पायऱ्यांच्या अगदी समोर राहत होतो, आणि रोज सकाळी दात घासताना त्या पायऱ्यांकडे बघत होतो.

मी आईजवळ आडून विषय काढला. तो वडिलांपर्यंत गेला. वडील वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले, "आपण मुलाकडचे. आप्पांना गरज असेल तर ते येतील. मुलाकडचे आधी गेले की लोक म्हणतात, मुलात काही खोट आहे." मला हे पटलं. खरं सांगायचं तर सोयीचं वाटलं. रीत आडवी आली की माणसाला भित्रा म्हणता येत नाही. मी वाट बघत बसलो, की एक ना एक दिवस आप्पा गुडघे धरत आमचा जिना चढतील.

शाळेत काळेगुरुजी म्हणून एक वयस्क शिक्षक होते. मुलीसाठी स्थळं बघून त्यांच्या वहाणा झिजल्या होत्या. एका सोमवारी मधल्या सुट्टीत ते उरणहून नकार घेऊन आले आणि खुर्चीत बसले. हिराजी म्हणाला, "गुरुजी, मला एक सांगा. पोरगी तुमची, आणि तुमीच फिरता? आमच्यात पोराचा बाप फिरतो. पोरीचा बाप ओटीवर बसून सुपारी कातरतो."

"तुमच्यात देज देतात म्हणे," काळेगुरुजी म्हणाले. "मुलीच्या बापालाच उलट पैसे."

"देत होते, काही घरी अजून देतात. घरातले दोन हात जातात गुरुजी, त्याचा मान नको? तुमच्यात पोरगी पण द्यायची आणि वर हुंडा पण. म्हणजे म्हैस द्यायची आणि वर पेंडीचं पोतंही आपणच पोचवायचं!"

काळेगुरुजी नकार विसरून हसले. कोपऱ्यात वह्या तपासत बसलेली सुमन म्हणाली, "वा मास्तर! म्हणजे तुमच्यात मुलगी विकत घेतात."

"विकत नाय बाई. विकतची वस्तू नाय म्हणते का? आमच्यात पोरगी नाय म्हणते. माझ्या थोरल्या भावाला दोघी नाय म्हणाल्या. तिसरीनं हो म्हटलं ते तोंड बघून नाय, बैल बघून."

"आणि तुम्हाला?"

"मला अजून कुणाला विचारायची पाळी नाय आली."

सुमनने मान परत वहीत घातली. पण त्या वहीचं पान तिनं सुट्टी संपेपर्यंत उलटलं नाही. हे दुसऱ्या कुणी पाहिलं नसेल. मी पाहिलं, कारण मी दुसरीकडे बघतच नव्हतो.

त्यानंतर मला सगळंच दिसायला लागलं. हिराजी डब्यात कधी कधी सुकटीचं कालवण आणायचा आणि आमच्या नाकांचा मान ठेवून बाहेर चिंचेखाली बसून खायचा. एक दिवस सुमन सरळ चिंचेखाली गेली, भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला आणि तोंडात टाकला. खिडकीतून सगळे बघत होते. "अहो बाई, बाटलात!" हिराजी घाबरून म्हणाला. "मीठ कमी आहे," सुमन म्हणाली, "मिठागरवाले ना तुम्ही?" मी माझ्या डब्यातलं थालीपीठ तसंच घरी परत नेलं. आईनं विचारलं तर म्हणालो, करपलं होतं.

मला त्याच्या कशाचा हेवा वाटत नव्हता? त्याच्या खांद्यांचा, त्याच्या हसण्याचा, मुलं त्याच्या सायकलीमागे धावत त्याचा. पण सगळ्यांत जास्त हेवा वाटे तो याचा, की त्याच्या रीतीत पुरुषानं उठून जायचं असतं. माझी रीत मला घरी बसवून ठेवत होती, आणि त्याची रीत त्याला दाराबाहेर ढकलत होती.

मग कर्नाळ्याची सहल आली. वरच्या वर्गातली मुलं, आम्ही पाच-सहा शिक्षक. किल्ल्याच्या वरच्या अंगाला वाट निसरडी आणि अरुंद. सुमनचा पाय घसरला, ती गुडघ्यावर आली. मी तिच्या जवळ होतो. हात पुढे करावा असं मनात आलं. लोक काय म्हणतील हेही मनात आलं. आणि तेवढ्यात वरून हिराजी दोन ढांगांत खाली आला. त्यानं हात दिला नाही. हातातल्या काठीचं टोक पुढे केलं.

"बाई, काठी धरा."

"का? हाताला काही लागलंय का मास्तर?"

"हात धरायचा तर घरी विचारून धरायचा असतो."

मुलं खिदळली. सुमन काठी धरून उठली, लुगड्याची माती झटकली, आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "मग विचारा की घरी."

पुन्हा हशा झाला. चेष्टा म्हणून ते वाक्य तिथंच वाऱ्यावर गेलं. पण हिराजी हसला नव्हता. चौथीत हसून सातवीला ऐकू जाणारा माणूस त्या दिवशी किल्ला उतरेपर्यंत काठीनं वाटेवरचे दगड बाजूला सारत राहिला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तो माझ्याबरोबर वडाळे तळ्यापर्यंत सायकल हातात धरून चालत आला. काठावर बसला. दोनदा घसा साफ केला.

"वामन," तो म्हणाला. एरवी तो 'राव' लावायचा. "तुमच्यात कसं असतं रे? बाईंनी ते खरं म्हटलं का चेष्टा? आमच्यात असतं तर मी आज सांजेला आईला आणि मामाला घेऊन त्यांच्या ओटीवर गेलो असतो. माझी आई धवलारीण, शंभर लग्नं लावलीत तिनं गाऊन. मागणं कसं घालायचं तिला शिकवायला नको. पण तुमची रीत मला ठाऊक नाय. जातीचं मी आप्पांशी बोलीन, ते ऐकतील. पण रीत चुकली तर बाईंचा अपमान व्हायचा. तू घरचा. तू सांग."

कुणालाही काहीही विचारणारा माणूस फक्त इथं अडला होता, आणि अडला होता तो तिच्या मानासाठी.

मला मांडवाजवळचं सुमनचं बोलणं शब्द न् शब्द आठवत होतं. ज्याला मी हवी असेन त्याने पायऱ्या चढाव्यात. मी म्हणालो, "चेष्टा कशी असेल? पण आमच्यात मुलानं जायचं नसतं हिराजी. मुलगा आपणहून गेला तर लोक म्हणतात, मुलीनं काही तरी केलं असणार. तिचं नाव जाईल. मुलीचे वडील येतात. सुमनने घरी विषय काढला असेल तर आप्पा येतीलच."

"येतील?"

"थांब. मुलीकडचे येतील."

यात खोटा शब्द एकही नव्हता. आमच्यात असंच होतं. उद्या कुणी मला पंचांसमोर उभं केलं असतं, तर काळेगुरुजींनीही माझ्याच बाजूनं साक्ष दिली असती. मी जात मध्ये आणली नाही, कारण ते खोटं ठरलं असतं. मी फक्त खरं सांगितलं, आणि ते चुकीच्या घराबद्दल सांगितलं.

हिराजीनं माझ्या खांद्यावर थाप मारली. "बरं झालं विचारलं. मी तर आजच जाऊन घाण करून ठेवली असती."

उठताना त्यानं विचारलं, "कुठल्या वारी येतात तुमच्यातले?"

"सुट्टीचं येतात. रविवारी."

मग हिराजीचे रविवार सुरू झाले. मी एकदा त्याच्या घरी गेलो तेव्हा मला कळलं. ओटा शेणानं सारवलेला, भिंतीला नवा चुना, कोनाड्यात कोऱ्या कपबशा, आणि हिराजी धुतलेलं धोतर, सदरा, टोपी घालून खाटेवर ताठ बसलेला. बाहेर त्याचे भाऊ खाडीत जाळं टाकायला निघाले होते, हाका मारत होते. तो जागचा हलला नाही.

त्याच्या आईनं मला विचारलं, "गुरुजी, ह्यो दर आयतवारी असा नवऱ्यासारा बसून राहतो. चाय-साखर आनून ठेव म्हनतो. इचारला तर पावने येनार म्हनतो. कोन पावने येनार हाय? तुमाला ठाव हाय?"

"मला नाही ठाऊक, आई," मी म्हणालो.

घरी आलो. खिडकीतून समोरची ओटी दिसत होती. आप्पा आरामखुर्चीत, गुडघ्यांना तेल लावत. सुमन न्हालेली, केस मोकळे, दारातल्या तुळशीशी काही तरी निमित्त काढून उभी. आळीच्या तोंडाशी सायकलची घंटा वाजली की तिची मान वळे. दूधवाला असे, तारवाला असे.

खाडीच्या त्या बाजूला एक जण ताठ बसलेला, या बाजूला एक जण मान वळवत उभी. दोघांनाही बघणारा मी एकटाच होतो. अशा वेळी माणसाला दया यावी. मला वाटला तो पुन्हा हेवाच. माझी अशी वाट कुणी पाहिली नव्हती, आणि मीही कुणाची असा ताठ बसून पाहिली नव्हती.

हे किती चाललं? भात लावून झालं, कापून झालं, मिठाच्या राशी लागल्या. शाळेत ती दोघं एकमेकांशी फार अदबीनं बोलायला लागली. तो चिंचेखाली सुकट आणेना. ती त्याला 'म्हात्रे सर' म्हणायला लागली.

एका संध्याकाळी सुमन आमच्या जिन्याखाली थांबली. "वामनदादा, तुमचे मित्र कधी काही बोलले का?"

"कशाबद्दल?"

ती माझ्याकडे बघत राहिली. तेव्हाही वेळ गेलेली नव्हती. सायकलनं बेलपाडा ते किती लांब! मी जिन्याच्या कठड्यावरचा रंग नखानं उकरत राहिलो.

"काही नाही," ती म्हणाली. "विचारायला काय जातं, म्हणतात ना ते. दुसऱ्यांना शिकवतात नुसतं."

पुढच्या वर्षी तिनं अलिबागला नोकरी धरली आणि आप्पांना घेऊन गेली. तिच्या निरोपाला शाळेत चहा झाला. हिराजीनं भाषण केलं, अगदी शुद्ध, एकही 'हाय' न येऊ देता. चार-पाच वर्षांनी कळलं, की तिचं लग्न झालं. मुलगा नव्हे, पोक्त बिजवर, दोन मुलांचा बाप. स्थळ आप्पांनीच बघितलं. दुसऱ्याच्या खांद्याला धरून ते त्या माणसाच्या घराच्या पायऱ्या चढले, असं सांगणाऱ्यानं सहज सांगितलं. मी त्या रात्री जेवलो नाही, असं लिहायचा मोह होतो. पण मी जेवलो. बायकोनं भरली वांगी केली होती.

माझं लग्न त्याआधीच झालं होतं. सासरे आमचा जिना तीनदा चढले तेव्हा वडिलांनी होकार दिला. रीतसर झालं सगळं. बायको चांगली आहे. आणि हिराजीही सुमन गेल्यावर आईबरोबर जुई गावच्या एका घरी मागणं घालायला गेला. मुलीनं हो म्हटलं. जनीवहिनी. तिच्या हातानं त्याचं घर भरलं, तीन पोरं झाली. सुखी आहे का, हे मी त्याला कधी विचारलं नाही. मला वाटे, विचारलं तर तो खरं सांगेल.

गेल्या वर्षी हिराजी माझ्याकडे आला. केस पांढरे, खांदे तसेच. त्याच्या पुतण्यासाठी शेजारच्या गावात मागणं घालायला जायचं होतं. "तू चल. शहरातला शहाणा माणूस बरोबर असला की वजन पडतं." मी गेलो.

मुलीच्या घरी ओटीवर घोंगडी अंथरली होती. मुलीचा बाप खरोखर सुपारी कातरत बसला होता. हिराजीनं हात जोडून मागणं घातलं. बाप म्हणाला, पोरीला विचारा. मुलगी आतून आली, मॅट्रिकला बसलेली, धीट.

हिराजी म्हणाला, "पोरी, आमचा पोरगा समोर बसलाय. बघून घे. पसंत नसंल तर नाय म्हण, आमी चहा पिऊन हसत जाऊ."

मुलगी पुतण्याकडे बघून म्हणाली, "ह्याला बोलता येतं का?"

हशा पिकला. पुतण्या कानापर्यंत लाल झाला आणि म्हणाला, "येतं की." मुलगी आत गेली आणि आतून बायकांच्या हसण्याबरोबर होकार आला.

मग चहा घेताना मुलीच्या बापानं माझ्याकडे बघून विचारलं, "हे कोण?"

हिराजीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हे वामनराव. माझा सख्खा भाऊ समजा. तरणा होतो तेव्हा एकदा मी एका चांगल्या घरच्या मुलीचं नाव घालवायला निघालो होतो. मला रीत ठाऊक नव्हती. ह्यांनी मला थांबवलं. ती पोरगी मानानं राहिली ती ह्यांच्यामुळं."

सगळ्यांनी माझ्याकडे आदरानं पाहिलं. मुलीच्या बापानं मला दुसरा कप भरून दिला. मी तो प्यायलो.

परतताना संध्याकाळ झाली होती. मिठागरांच्या बांधावरून पुढे पुतण्या आणि त्याचे मामा चेष्टा करत चालले होते. हिराजी मध्ये, मी मागे. वाट एकाच माणसापुरती. चालता चालता तो मागे न वळता म्हणाला, "वामन, त्यांचे आप्पा का आले नसतील रे?"

मी बांधावरचा चिखल चुकवत पाय टाकत राहिलो.

"जाऊ दे," तो म्हणाला. "त्यांच्या मनात नसंल." आणि पोरांनी पुढून हाक मारली तसा लांब ढांगा टाकत त्यांच्यात जाऊन मिसळला. लांबून त्याचं हसणं ऐकू आलं.

तिचे वडील येणार नव्हते, तिनं येऊ दिले नसते, ती तुझीच वाट बघत होती आणि हे मला माहीत होतं. एवढं सांगायचं आहे. हे दोघांना सांगायचं आहे, एकाला बेलपाड्यात आणि एकीला अलिबागला. दोघंही जिवंत आहेत. मी अजून सांगितलेलं नाही.